ऊन्ह अंगवळणीं कसें पडतें?

नागपूरकरास ऊन्ह बाधत नाहीं, अशी एक समजूत आमच्याकडे आहे, व परगांवच्या पाहुण्यास ती सांगतांना आपणांस थोडा अभिमानही वाटतो. त्यास कारणही आहे. दिनांक २३ मे २०१३ रोजीं येथें ४७.९ अंश सेल्सियस इतकें तपमान नोंदलें गेलें, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजीं तेंच ३.५ अंशांपर्यंत उतरलें. एकाच गांवांत चव्वेचाळीस अंशांहून अधिक फरक! परंतु दोन्ही दिवशीं निरोगी मनुष्याच्या शरीराची आंतील उष्णता सुमारें ३७ अंशच होती. ती चार-पांच अंशांनीं चढली तर जिवावर बेततें. ती जागच्या जागीं राखण्याचें काम शरीर कसें करितें हें पाहिलें, म्हणजे वरील समजूत कितपत खरी आहे हें कळून येईल.

थंडीचें प्रकरण लवकर आटोपतें. गारठ्यांत त्वचेंतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, स्नायू कुडकुडून उष्णता उत्पन्न करितात आणि अंगावर कांटा उभा राहतो. सवयीनें थंडीची जाणीव बोथट होते खरी. पण शरीराच्या व्यवस्थेंत मोठासा पालट होत नाहीं. पौषांत आपला बचाव करितात ते मुख्यतः रजई आणि शेकोटी.

उष्णतेची गोष्ट निराळी आहे. अन्नापासून शरीरांत अखंड उष्णता निर्माण होत असते, व एरवीं ती त्वचेवाटे हवेंत निघून जाते. मे महिन्यांत हवाच त्वचेपेक्षां अधिक तापलेली असल्यामुळें उष्णता उलट आंत शिरूं लागते. अशा वेळीं घामावांचून गति नाहीं. माठांतून पाझरलेलें पाणी वाळतांना माठ जसा गार होतो, तसाच घाम वाळतांना देह निवतो. एक लिटर घाम अंगावर पूर्णपणें वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तितक्या उष्णतेनें सात लिटर साधें पाणी उकळीस आणतां येईल. १७७४ सालीं लंडनमध्यें डॉ. चार्ल्स ब्लॅग्डेन व त्यांचे मित्र उकळत्या पाण्याहूनही अधिक तापविलेल्या कोरड्या खोलींत कांहीं मिनिटें राहून सुखरूप बाहेर आले. त्याच उष्णतेंत ठेवलेलीं अंडीं मात्र भाजून कठीण झालीं होतीं!

घाम नुसता गळून मात्र उपयोग नाहीं. तो वाळला पाहिजे. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या कीं कूलर निरुपयोगी होतो, हें नागपुरांत लहान मुलासही ठाऊक आहे. दमट हवेंत वाळ्याच्या पडद्यावरील पाणी वाळत नाहीं, तसाच घामही वाळत नाहीं. म्हणून जूनमधील ३८ अंश कधीं कधीं मे महिन्यांतील ४४ अंशांपेक्षां अधिक जाचक वाटतात.

आतां मुख्य मुद्दा असा कीं, घामाची ही तयारी जन्मतः लाभत नाहीं, व एकदां लाभली तरी टिकत नाहीं. उन्हाळा सुरू झाल्यावर सात ते चौदा दिवस रोज थोडे श्रम उष्ण हवेंत केले, तर शरीरांत पालट घडूं लागतो. रक्तांतील पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळें हृदयाची धांवपळ कमी होते. घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो, आणि त्यांतून मीठ कमी जातें. आरंभीं सदऱ्यावर उमटणारे पांढरे डाग पुढें फिके होतात तें यामुळेंच. दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खोल खाणींत नव्या मजुरांस याच कारणास्तव पहिले कांहीं दिवस हलकें काम देऊन तें हळूहळू वाढवीत असत.

परंतु तीन-चार आठवडे उन्हाशीं संबंध सुटला कीं ही कमाई बहुतेक सरते. सुटींत चिखलदऱ्यास राहून आलेला, किंवा सारा उन्हाळा गार खोलींत काढलेला विद्यार्थी, त्याचे आजे-पणजे महालांत नांदलेले असले, तरी उन्हापुढें परकाच! विदर्भांतील शाळा उन्हामुळें इतरत्रांपेक्षां उशिरां उघडतात, तेव्हां हवा दमट झालेली असते. त्याच आठवड्यांत त्यानें मैदानावर जोरानें धांवावें हें बरें नव्हे. विटा वाहणारा मजूर पंधरवडाभर आजारी पडून परत आला, तर पहिल्याच दिवशीं त्याच्या डोक्यावर पूर्वीइतकें ओझें देणें हें त्याहूनही वाईट. कारण विद्यार्थ्यास थांबतां येतें, त्यास रोजीसाठीं थांबतां येत नाहीं.

सरावानें पाण्याची गरज कमी होते, हा समज तर सर्वस्वी चुकीचा आहे. सरावलेलें शरीर अधिक घाम गाळतें, म्हणून त्यास पाणी अधिकच लागतें. कैरीच्या पन्ह्यांत पाण्याबरोबर मीठ व गूळ असतो, यांत आमच्या आज्यांचें शहाणपण दिसतें. खिशांतील कांद्याविषयीं तसें म्हणवत नाहीं. त्यापेक्षां डोक्यावरचा दुपट्टा शतपटीनें बरा.

आणि एखादा उन्हांत बरळूं लागला, झोकांड्या खाऊं लागला, अंग भट्टीसारखें तापलें, तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजावा. त्यास सावलींत निजवून कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी ओतीत वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये, कारण तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. रुग्णालयाची गाडी बोलवावी, पण ती येईपर्यंत पाणी व पंखा थांबवूं नये.