एक आकडा, दोन माणसे

घाटंजीच्या कापूसबाजारात काटा थोडा चुकला, तरी शेतकरी तिथल्या तिथे हुज्जत घालील. पण मधुमेह झालेला तोच गृहस्थ रक्ततपासणीच्या कागदावर ‘क्रिएटिनिन १.१’ वाचतो आणि निर्धास्त होतो!

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. ती थकली, की तो रक्तात साचतो. माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली पिक्रिक आम्लाने त्याचा नारिंगी रंग उमटवून दाखवला. आजही कित्येक प्रयोगशाळा त्याच रंगावरून मोजमाप करतात. अडचण अशी, की मूत्रपिंडांची निम्मी ताकद जाईपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. शिवाय वाळलेल्या आजीबाईंच्या अंगात स्नायू ते किती? म्हणून वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून गाळण्याचा वेग काढतात. हेच १.१ पंचविशीच्या तरुणाचे असेल, तर वेग नव्वदीच्या वर भरतो. सत्तरीच्या बाईंचा मात्र साठाच्या खाली! तो तीन महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला, तर विकार जुनाट समजतात. सिस्टॅटिन-सी हा दुसरा साक्षीदार स्नायूंच्या भिडेला सहसा पडत नाही, पण त्याची तपासणी महाग.

मधुमेहात बहुधा रक्ताआधी लघवीच चहाडी करते. तिच्यात अल्ब्युमिन उतरू लागते. तेव्हाच साखर आणि रक्तदाब आवरले, तर डायलिसिसच्या वाऱ्या पुष्कळदा लांबवता येतात. तेव्हा वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्यात. रक्त द्यायला कोणी कचरत नाही हो. लघवीची बाटली नेतानाच मंडळी लाजतात.