मोटारीचा पाळीचा ताप

पाळीचा ताप कसा असतो हे आपणांस ठाऊक आहेच. वैद्य दारात येईतो रोगी उठून बसतो! मागाहून सीएनजी संच बसविलेल्या पेट्रोल-मोटारीलाही कधी असाच ताप जडतो. चढावर इंजिन तापले की ती बंद पडते, आणि निवले की काही घडलेच नाही अशी सुरू होते. घाटात हे घडले तर ब्रेक आणि सुकाणू एकाएकी जड होतात. म्हणून दुर्लक्ष नको.

असे का व्हावे? इंजिनाच्या क्रँकबरोबर एक दातेरी चाक फिरते. त्यासमोरचा सेन्सर दाते मोजतो. पुष्कळ मोटारींत साठांपैकी दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. त्या खिंडीवरून क्रँकची जागा संगणकाला कळते. हा संदेश तुटला की ठिणगी थांबते.

संगणकाने नोंदलेला दोषांक वाचावा. पण तो कोणत्या वाटेवर बिघाड आहे एवढेच सांगतो. लगेच सेन्सर बदलू नका. संच जोडताना मूळ तारांना फाटे काढतात. नुसता पीळ देऊन पट्टी गुंडाळलेला सांधा उष्णतेने, हादऱ्याने सैल होतो. इंजिन चालू ठेवून, फिरत्या पट्ट्यापासून हात जपून, तारा एकेक हलवा. जिथे इंजिन अडखळेल, तो सांधा डाख देऊन पक्का करा.

तसे न झाले, तर दोन तारांच्या सेन्सरचा रोध थंडपणी आणि बंद पडताक्षणी मीटरने मोजा. गरमपणी तो तुटलेल्या तारेसारखा दिसला, तर दोष सेन्सरचाच. ताप अंगात असतानाच नाडी पाहावी, ती अशी!