डिस्क रिकामी, फोल्डर फुल्ल!
१.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मुख्य फोल्डरात फक्त २२४ नोंदी मावत. फाइल्स कितीही चिमुकल्या असोत, २२५व्या नोंदीला प्रवेश नाही! प्रत्येक नोंदीला ३२ बाइट लागत आणि नोंदींच्या या यादीची जागा फ्लॉपी फॉरमॅट करतानाच ठरून जाई.

विंडोज ९५ने लांबलचक नावांची मुभा दिली. पण अशा नावाच्या दर १३ अक्षरांमागे एक जादा नोंद खर्ची पडू लागली.

पेन ड्राइव्हवर आजही दिसणाऱ्या फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये एका फोल्डरची कमाल मर्यादा ६५,५३६ नोंदी.

लिनक्सच्या ईएक्सटी३ या फाइल सिस्टिममध्ये अडसर होता उपफोल्डरांचा. प्रत्येक उपफोल्डर वरच्या फोल्डरशी एक दुवा जोडतो. दुव्यांची मर्यादा ३२,०००. त्यांतले दोन फोल्डरचे स्वतःचेच. म्हणून उपफोल्डर ३१,९९८वर थांबत. ईएक्सटी४ने ही अट काढून टाकली.