लाल बावटा आणि लाल राज्य : काही गैरसमज

परळ, लालबाग, भोईवाडा या गिरणगावाला साम्यवादाची खरी ओळख १९२८च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाने आणि त्याच संपात उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनने, म्हणजे ‘लाल बावट्या’ने करून दिली, त्यामुळे दूरच्या साम्यवादी राजवटींविषयीचे मतही येथे पुष्कळदा युनियनवरील प्रेमावरून वा रागावरून ठरत आले.

गैरसमज : लाल बावट्याने गिरण्या बुडवल्या, म्हणजेच साम्यवाद फसला.

वस्तुस्थिती : गिरण्या बुडाल्याचा ठपका ज्यावर ठेवला जातो त्या, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत साम्यवादी नव्हते. कायद्याने मान्यता असलेली संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही काँग्रेसप्रणीत संस्था, जिची ‘मजदूर मंझिल’ ही कचेरी भोईवाड्यात गं. द. आंबेकर मार्गावर आहे. शिवाय साम्यवादी राज्य म्हणजे एकच पक्ष शासन, उत्पादनसाधने आणि वृत्तपत्रे आपल्या हाती ठेवतो असे राज्य. ते मुंबईत कधीच नव्हते.

गैरसमज : साम्यवादी राज्यांनी काहीच साधले नाही.

वस्तुस्थिती : रशियात ९ ते ४९ वयोगटातील साक्षरता १८९७मध्ये सुमारे २८ टक्के होती, ती १९३९पर्यंत ८७ टक्क्यांवर गेली. चीनमधील सरासरी आयुर्मान क्रांतीच्या वेळी चाळिशीच्या आत होते, ते १९८०च्या सुमारास पासष्टीजवळ पोचले, तेव्हा भारताचे चोपन्नच्या आसपास होते. लसीकरण आणि खेडोपाडी फिरणारे अल्पप्रशिक्षित ‘अनवाणी डॉक्टर’ यांचा त्यात मोठा वाटा होता.

गैरसमज : मनुष्यहानी ही या प्रगतीची अटळ किंमत होती.

वस्तुस्थिती : सोव्हिएत संघातील १९३२-३३च्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक, तर चीनमधील १९५९-६१च्या दुष्काळात अगदी कमी अंदाजानेही दीड कोटी माणसे मेली. फुगवलेल्या आकड्यांवर धान्याची सक्तीची वसुली चालू राहिली आणि ही उपासमार छापणारे स्वतंत्र वृत्तपत्र नव्हते. केरळने मात्र निवडणुका, वृत्तपत्रे आणि सत्तांतरे कायम ठेवून साक्षरता व आरोग्य यांत मोठी मजल मारली. म्हणजे यश खरे असले, तरी त्यासाठी ही किंमत अपरिहार्य नव्हती.

गैरसमज : कामगारांच्या राज्यात कामगारच धनी होता.

वस्तुस्थिती : भोंगा आणि खाडा यांचा धाक गिरणगावाला ठाऊक होता, परंतु सोव्हिएत संघाच्या २६ जून १९४०च्या हुकमाने खाडा, आणि खाडाच मानला जाणारा वीस मिनिटांहून अधिक उशीर, हा फौजदारी गुन्हा ठरला, ज्यासाठी सहा महिने सक्तीचे श्रम आणि पगारातून पाव हिस्सा कपात होऊ शके. जून १९६२मध्ये मांस व लोणी महागले म्हणून नोवोचेरकास्कच्या इंजिन कारखान्यातील कामगार संपावर गेले, तेव्हा गोळीबारात वीसहून अधिक माणसे मारली गेली, पुढे सात जणांना देहदंड झाला आणि जवळजवळ पाव शतक ही घटना दडवून ठेवण्यात आली.

परक्या ब्रिटिश सरकारनेही १९२९मध्ये लाल बावट्याच्या नेत्यांना मीरत कटाच्या खटल्यात अडकवले, पण तो खटला उघड चालला आणि त्याची बातमी जगभर पोचली. म्हणून साम्यवादी राज्याचे मोल ठरवताना शाळा, दवाखाने आणि कारखाने अवश्य मोजावेत; मात्र जो संप साम्यवादी पक्षाने गिरणगावात उभा केला, तो त्याच्याच राज्यात कामगाराला करता आला असता का, हा प्रश्नही त्याच हिशेबात धरावा लागतो.