चहाचा भाव गुवाहाटीत उतरला, तरी आपला पुडा स्वस्त का होत नाही?

लिलावात चहा उतरला, अशी बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळते. आपण किराणा दुकानात जातो, तर पुड्यावरची किंमत आहे तीच. उलट लिलावात चहा चढला की महिन्या-दोन महिन्यांत दुकानदार सांगतो, "चहापत्ती वाढली बघा." म्हणजे वाढ आपल्यापर्यंत पोचते, घट पोचत नाही. मग मधे पाणी मुरतं कुठं? आणि लिलावात भाव पडतो, तेव्हा त्याचा मार नेमका कुणाला बसतो?

हा प्रश्न आपल्याशी थेट जोडलेला आहे. आपल्याकडं उकळणाऱ्या कडक, दुधाच्या चहाचा मोठा भाग आसामातून येतो. चहाच्या लिलावाच्या साप्ताहिक अहवालात 'वेस्टर्न इंडिया' असा खरेदीदारांचा एक वेगळा गटच धरलेला असतो. महाराष्ट्र आणि गुजरातच्या बाजारासाठी माल उचलणारे व्यापारी ते हेच. त्या आठवड्यात 'वेस्टर्न इंडिया' जोरात होता की गप्प होता, यावर तिकडचा भाव हलतो.

सौदा होतो कसा?

कोल्हापूरचे गुळाचे सौदे किंवा सांगलीचे हळदीचे सौदे ज्यांनी पाहिलेत, त्यांना चहाचा लिलाव समजायला फार वेळ लागणार नाही. माल कारखान्याचा, मधे अडत्या, समोर खरेदीदार. चहात या अडत्याला ब्रोकर म्हणतात.

कारखान्यातून तयार चहा गोदामात येतो. त्याचे नमुने ब्रोकरकडं जातात. ब्रोकरचे चवपारखी तो चहा उकळत्या पाण्यात काढून रंग, वास, कडकपणा बघतात आणि अंदाजे किंमत लावतात. मग त्या आठवड्याच्या सगळ्या लॉटची यादी, म्हणजे कॅटलॉग, निघते. खरेदीदारांनाही नमुने जातात. आपल्याकडचा खरेदीदार चहात दूध घालूनच चव घेतो, कारण त्याचं गिऱ्हाईक तसाच पिणार असतं. दूध पडल्यावर रंग लालसर राहिला तर माल चांगला, फिका पडला तर बोली खाली.

भारतातला पहिला चहा लिलाव कोलकात्यात २७ डिसेंबर १८६१ ला झाला. आसामचा मालही वर्षानुवर्षं तिकडंच जायचा. गुवाहाटीत लिलाव केंद्र सुरू झालं ते १९७० मध्ये. आज ते जगातल्या सीटीसी चहाच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. हातोडा आपटून बोली तोडण्याचे दिवस आता गेले, बोली संगणकावर लागते. २०१६ पासून नोंदणी असलेला खरेदीदार देशातल्या कुठल्याही केंद्रावर बोली लावू शकतो. आपल्या पेढीवर बसून गुवाहाटीचा लॉट घेता येतो.

ज्या लॉटला अपेक्षित बोली येत नाही, तो परत ठेवला जातो आणि पुढच्या लिलावात पुन्हा येतो. पण चहा ठेवून भाव वाढत नाही. तो शिळा होतो, वास उतरतो, गोदामाचं भाडं मात्र चढत राहतं. त्यामुळं फार काळ अडून बसणं कुठल्याच कारखानदाराला परवडत नाही.

डस्ट म्हणजे कचरा नव्हे

अहवाल वाचताना आपला माणूस अडखळतो तो 'डस्ट' या शब्दाशी. चहाचा झाडलेला कचरा म्हणजे डस्ट, असा समज आहे. तो बरोबर नाही. सीटीसी यंत्रात पान चिरडलं, फाडलं आणि वळवलं जातं. त्यातून दाणे तयार होतात. ते चाळणीनं वेगळे केले की मोठ्या दाण्याचा एक प्रकार, मधल्याचा दुसरा आणि सगळ्यात बारीक दाण्याचा तो डस्ट. दाण्याच्या चहाला आपल्याकडं 'ममरी' म्हणतात, तो याच कुटुंबातला. बारीक दाणा पाण्यात लवकर उतरतो, रंग पटकन देतो. टपरीवाल्याला म्हणूनच डस्ट लागतो. चांगल्या मळ्याचा डस्ट हलक्या मळ्याच्या मोठ्या दाण्यापेक्षा महाग जातो.

डस्टची बरीच विक्री लिलावाबाहेर, परस्पर व्हायची. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला आणि १ एप्रिल २०२४ पासून आसाम, पश्चिम बंगालसह उत्तरेकडच्या चहा राज्यांतला सगळा डस्ट लिलावातूनच विकायचा, असं ठरवलं. परस्पर सौद्यात भाव उघड होत नाही, आणि भाव उघड झाला नाही तर त्यावर अवलंबून असणाऱ्या पान उत्पादकाला आपला वाटा मोजता येत नाही. शिवाय लिलावातल्या मालाचे नमुने तपासता येतात.

भाव हलतो तो पानावर आणि पावसावर

आसामात चहाचं पान बारमाही निघत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी झाड विश्रांतीला असतं. मार्च-एप्रिलला पहिली फूट येते. मे-जूनची दुसरी फूट सगळ्यात सकस, तिचा चहा कडक आणि महाग. जुलैपासून पावसाळी पान येतं. ते भरपूर असतं, पण पाणचट. लिलावात मालाचा ढीग लागतो आणि भाव सैल होतात.

हे गणित २०२४ मध्ये पुरतं बिघडलं. २०२३ मध्ये देशात सुमारे १३९ कोटी किलो चहा झाला होता. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आसामात आधी कडक ऊन आणि नंतर पूर आला. एकट्या मे महिन्यातलं देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या मेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घसरलं. महागडी फूट हातची गेली. वर्षाचा आकडा सुमारे १२८ कोटी किलोवर आला आणि लिलावाचा सरासरी भाव किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेला. त्याच वर्षी टी बोर्डानं उत्तर भारतातल्या मळ्यांना ३० नोव्हेंबरलाच खुडणी थांबवायला सांगितलं. थंडीतलं निबर पान बाजारात येऊन सगळ्याच चहाचा भाव खाली ओढतं, हे त्यामागचं कारण.

एरवी मोठ्या मथळ्यात येतात ते वेगळेच भाव. डिसेंबर २०२१ मध्ये गुवाहाटीत 'मनोहारी गोल्ड' चहा किलोला ९९,९९९ रुपयांना गेला. पण तो लॉट होता एक किलोचा. नुसत्या कळ्या वेचून केलेला हा चहा म्हणजे मळ्याच्या नावाची जाहिरात. त्यावरून आसामच्या शेतकऱ्याची चांदी झाली असं समजणं चुकीचं आहे.

ऊसवाल्याला समजेल असं गणित

चहा म्हटलं की डोळ्यासमोर इंग्रजी अमदानीतले मोठे मळे येतात. आज देशातला निम्म्याहून जास्त चहा लहान उत्पादकांच्या पानातून होतो. टी बोर्डाच्या व्याख्येत १०.१२ हेक्टरपर्यंत, म्हणजे २५ एकरांपर्यंत मळा असणारा तो लहान उत्पादक. प्रत्यक्षात अनेकांकडं दोन-चार एकरच असतात. त्यांचा स्वतःचा कारखाना नसतो. ते हिरवं पान खुडून विकत घेणाऱ्या कारखान्याला घालतात.

ऊस आणि साखर कारखाना यांचं जे नातं, तेच इथं आहे. तुटलेला ऊस वाळतो, खुडलेलं पान काही तासांत तापून काळं पडतं. दोघांनाही माल घरी ठेवता येत नाही. उसाला रिकव्हरी तसा चहालाही उतारा असतो. साधारण साडेचार किलो हिरव्या पानातून एक किलो चहा बनतो.

फरक आहे तो भावाच्या हमीत. उसाला एफआरपी आहे. ती वेळेवर मिळत नाही, पुरत नाही, यावरून आपल्याकडं दर हंगामाला आंदोलन होतं, पण हंगामाआधी एक आकडा जाहीर तरी असतो. चहाच्या पानाला तसा आधी ठरलेला आकडा नाही. टी बोर्डाचं वाटणीचं सूत्र आहे: चहाच्या विक्रीच्या सरासरी भावातले ६५ टक्के पान उत्पादकाचे, ३५ टक्के कारखान्याचे. म्हणजे पानाचा भाव लिलावाच्या शेपटाला बांधलेला.

हिशेब करून बघू. लिलावाची सरासरी २०० रुपये धरली तर उत्पादकाचा वाटा १३० रुपये. तो साडेचार किलो पानाचा, म्हणजे किलोला सुमारे २९ रुपये. सरासरी १६० वर आली तर वाटा १०४ रुपये, म्हणजे पानाला किलोमागं सुमारे २३ रुपये. लिलावात ४० रुपये गेले की पानाच्या प्रत्येक किलोमागं सहा रुपये गेले.

खर्च मात्र खाली येत नाही. ब्रह्मपुत्रा खोऱ्यातल्या मळ्यांत ऑक्टोबर २०२३ पासून रोजची मजुरी २५० रुपये झाली. एक बाई दिवसाला चोवीस किलोच्या आसपास पान खुडते असं धरलं, तर नुसती खुडणीच किलोला दहा रुपयांवर जाते. खत, फवारणी, छाटणी, वाहतूक वेगळी. पावसाळ्यात पानाचा महापूर आला की कारखाने पान नाकारतात किंवा ओल्या पानाचं वजन कापतात. सूत्राचा भाव तेव्हा कागदावर राहतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात तर आणखी एक गाठ बसली. चहात कीटकनाशकांचे अंश सापडले तर माल नष्ट करावा लागतो, मग जबाबदारी आमची एकट्याची का, असं म्हणत आसामातल्या पान घेणाऱ्या कारखान्यांनी १ जूनपासून लहान उत्पादकांचं पान घेणार नाही, असा इशारा दिला. पुढं चर्चा होऊन तो मागं घेतला गेला. पण ऐन हंगामात कारखान्यानं दार लावलं तर काय होतं, हे आपल्याकडच्या ऊसवाल्याला वेगळं सांगायला नको.

मग पुडा स्वस्त का होत नाही?

पहिलं कारण मिश्रणाचं. पुड्यातला चहा एका मळ्याचा, एका आठवड्याचा नसतो. अनेक लॉट मिसळून एक ठरलेली चव तयार करतात. डिसेंबर ते मार्च नवा माल जवळपास नसतो, त्यामुळं कंपन्या जून ते नोव्हेंबरमध्ये साठा करतात. आज लिलावात भाव पडला, तरी आजच्या पुड्यात काही महिन्यांपूर्वीचा महाग माल असतो.

दुसरं कारण, लिलावाची सरासरी म्हणजे कंपनीचा खर्च नव्हे. नावाजलेल्या पुड्यात सरासरीपेक्षा बरा माल लागतो. त्यावर वाहतूक, मिश्रण, पॅकिंग, जाहिरात, वितरकाचं आणि दुकानदाराचं कमिशन आणि ५ टक्के जीएसटी. चहा वीस टक्क्यांनी उतरला तरी पुड्याच्या किमतीतला त्याचा भाग तेवढाच उतरतो, बाकीचे खर्च जागच्या जागी.

तिसरं कारण सवयीचं. गिऱ्हाईक एकदा एका किमतीला सरावलं की कंपनी ती सहसा खाली आणत नाही. फार तर काही दिवस योजना येते, एका पुड्यावर काहीतरी फुकट मिळतं. महागाईत किंमत वाढवायची नसेल तर पुड्याचं वजन कमी होतं. म्हणून किमतीबरोबर ग्रॅमही बघावेत. सुट्या चहाच्या बाजारात चढ-उतार त्या मानानं लवकर दिसतो, कारण तिथला व्यापारी थोडा माल आणतो आणि लवकर संपवतो.

टपरीवरच्या कपाचं तर विचारूच नका. एका कपाला अडीच ग्रॅम चहा धरला तर किलोत चारशे कप होतात. दोनशे रुपये किलोच्या चहाचे कपामागं पन्नास पैसे. त्यातले पान पिकवणाऱ्याचे साधारण बत्तीस. लिलावात भाव १६० वर आला तर टपरीवाल्याचे कपामागं दहा पैसे वाचतात. दूध, साखर, गॅस आणि जागेच्या भाड्यापुढं ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. त्याच घसरणीत तिकडं पानाच्या प्रत्येक किलोचे सहा रुपये गेलेले असतात.

बातमी वाचताना एवढं बघा

चहाच्या लिलावाची बातमी समोर आली की चार गोष्टी बघाव्यात. एक, सरासरी भाव कुठल्या महिन्याचा आहे. ऑगस्टचा भाव जूनशी ताडून बघण्यात अर्थ नाही, तो आदल्या वर्षीच्या ऑगस्टशी ताडावा. दोन, आलेल्या मालापैकी किती टक्के विकला गेला. भाव टिकला पण निम्मा माल पडून राहिला, तर ती तेजी नव्हे. तीन, भाव डस्टचा आहे की दाण्याच्या चहाचा. चार, हिरव्या पानाला काय मिळालं. बहुतेक बातम्यांत हा चौथा आकडा नसतोच.

लिलावाचा भाव पडला म्हणून आपला चहा लगेच स्वस्त होणार नाही, हे वरच्या हिशेबातून दिसतं. दिब्रुगड-तिनसुकियाच्या लहान उत्पादकाला मात्र त्याच महिन्यात कमी पैसे मिळतात. तिथल्या उत्पादक संघटना पानाला किमान आधारभूत भाव मागत आहेत, तो याचसाठी. उसाच्या एफआरपीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आपल्या भागाला ही मागणी परकी वाटायचं कारण नाही.