सोळा पानांची चित्रवही

बाजारात कोऱ्या वह्यांना तोटा नाही. तरीही ज्याला निसर्गाची चित्रे काढावयाची आहेत, त्याने एक तरी चित्रवही स्वतःच्या हातांनी शिवावी. शिवताना हाताला जो नेमकेपणा लागतो, तोच पुढे डोळ्यांच्या व कानांच्या उपयोगी पडतो.

आपल्या देशात चित्र आणि संगीत यांचे नाते जुने आहे. राजस्थानात, दख्खनमध्ये आणि हिमालयाच्या पहाडी राज्यांत चित्रकारांनी रागरागिण्यांना रूप देऊन चित्रांच्या मालिका रंगविल्या. त्यांना ‘रागमाला’ म्हणतात. मेघ रागाच्या चित्रात दाटून आलेले काळे ढग दिसतात, तर वसंताच्या चित्रात फुललेली झाडे. रागाला गाण्याचा प्रहर असतो आणि काही रागांना ऋतूही असतो. त्यामुळे रागाचे चित्र काढताना आकाश, वृक्ष व पक्षी आपोआप त्यात येत. रागांनी त्या चित्रकारांना विषय दिले; आपल्याला वहीची रचना ताल देईल.

प्रथम कागद घेऊ. चित्रासाठी हातकागद उत्तम. सुती चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवून तो चाळणीवर उचलतात व वाळवितात. यंत्रावरील कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेने पडतात. हातकागदात ते चहूकडे गुंतलेले असतात. म्हणून तो चिवट होतो. पुण्यात १९४० साली याच कामासाठी हातकागद संस्था स्थापन झाली. हातकागद न मिळाल्यास कोणताही जाड पांढरा कागद चालेल.

३० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद असे आठ ताव कापावेत. लांबीच्या मध्यावर प्रत्येकाची घडी घालून ते एकात एक बसवावेत. आठ तावांची अशी सोळा पाने होतात. वेष्टनासाठी याहून किंचित मोठा, जाड रंगीत कागद घ्यावा. त्याच्या घडीवर जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी खळीने चिकटवावी आणि रात्रभर वजनाखाली ठेवून वाळू द्यावी.

मग वेष्टनात पाने बसवून घडीच्या रेषेवर दाभणाने तीन छिद्रे पाडावीत : एक बरोबर मध्यावर व दोन वरच्या आणि खालच्या कडांपासून चार-चार सेंटिमीटरांवर. दाभण वापरताना वडीलधारे माणूस जवळ असावे. अर्धा मीटर दोऱ्याला मेण लावून सुईत ओवावा. सुई मधल्या छिद्रातून आतून बाहेर काढावी, वरच्या छिद्रातून आत घ्यावी, मधले छिद्र सोडून खालच्यातून बाहेर न्यावी आणि शेवटी मधल्यातून पुन्हा आत आणावी. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची एकेक टोके राहतील. ती ओढून त्या टाक्यावर गाठ मारली, की वही तयार झाली.

आता वहीची मांडणी पाहा. त्रितालाच्या मात्रा सोळा, आपली पानेही सोळा. चार-चार मात्रांचे चार विभाग, तसे चार-चार पानांचे चार भाग : सकाळ, दुपार, सायंकाळ व रात्र. पहिली मात्रा ही सम. पाचवीवर व तेराव्यावर टाळी पडते. नवव्या मात्रेवर टाळी नसते, ती खाली होय. वही उघडून बघा : गाठ आठव्या आणि नवव्या पानांच्या मध्ये आली आहे. जेथे वही बांधली गेली, तेथूनच खाली सुरू होते. हा सायंकाळचा भाग रंगांवाचून, केवळ हलक्या पेन्सिलीने काढावा. संधिप्रकाशात रंग मावळत असतात. कागदावरही ते मावळू द्यावेत.

डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच काढावे असे नाही. तांबट भर दुपारी एकाच स्वरात टुक् टुक् करीत असतो. त्याच्यासाठी सारख्या अंतरावर ठिपके द्या. कोकिळाची साद दर वेळी वर चढत जाते आणि अवचित थांबते. तिच्यासाठी चढती वळणे काढा. रातकिड्यांचा अखंड नाद एका लांब रेषेत मावतो. चिंचेची पाने रात्री मिटतात, प्राजक्ताची फुले रात्री उमलून पहाटे गळतात. ज्या प्रहराचे चित्र, त्याच प्रहरी तेथे जाऊन बसावे. त्यामुळे वही भरण्यास वर्ष लागेल, लागू द्यावे.

एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. चित्र बिघडले म्हणून पान फाडू नये. शिवलेल्या वहीत कोणतेही पान एकटे नसते. तिसरे व चौदावे पान हा एकच ताव आहे. तिसऱ्यावर सकाळी गळालेली प्राजक्ताची फुले असतील आणि चौदाव्यावर रात्री उमलणाऱ्या त्याच झाडाच्या कळ्या. फुले साधली नाहीत म्हणून तिसरे फाडाल, तर कळ्याही निखळून पडतील. तबलजीचा बोल एखादे वेळी चुकतो. पण म्हणून मात्रा गाळता येत नाही, पुढची मात्रा वाजवीत समेवर यावेच लागते. बिघडलेले चित्रही त्या दिवसाची खरी नोंद असते, आणि त्याच्याशेजारचे दुसरे चित्र त्याहून सरस निघते.

सोळा पानांच्या दर्शनी बाजू भरल्या, की एक आवर्तन पूर्ण झाले. पाठीमागच्या बाजू कोऱ्या आहेत. पुढील वर्षी त्याच जागी, त्याच प्रहरी जाऊन त्यांवर दुसरे आवर्तन सुरू करावे. झाड वाढले असेल, एखादी फांदी मोडली असेल. कदाचित रस्ता रुंद करताना ते झाडच तोडले गेले असेल. तसे झाले तर पानाच्या एका बाजूला वृक्ष राहील आणि दुसऱ्या बाजूला नुसते आकाश. तेही तुम्हांला प्रामाणिकपणे काढावे लागेल.