दोन जिवांची बाई, पण दोन ताटं नकोत!



सुनेला दिवस गेले की घरची म्हातारी माणसं म्हणतात, "बाई, तू आता दोन जिवांची, दोघांचं खा!" माया खरी, पण हिशेब चुकीचा. पोटातला जीव एवढासा; त्याला दुसरं ताट लागत नाही.

अशक्त बाईची काळजी सगळेच करतात. जाड बाईला मात्र "अंगानं चांगली आहे" म्हणून सोडून देतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमागे सुमारे २१ जणींचं वजन कमी निघालं, तर सुमारे २३ जणींचं जादा! गरोदर बाया त्यात धरलेल्या नव्हत्या. पण याच वजनावर उद्याचं गरोदरपण सुरू होतं.

वजन जादा केव्हा म्हणावं? उंची १५० सेंटिमीटर असेल, तर गरोदरपणाआधी ५६ किलोच्या वर वजन जादा आणि ६७ किलोच्या वर लठ्ठपणा समजावा.

अशा बाईला गरोदरपणात रक्तदाब आणि साखर वाढण्याचा धोका अधिक. बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अडतं, सिझरची वेळ येते. आणि जाड बाईच्याही अंगात रक्त कमी असू शकतं!

मग काय करावं?

● तीन महिन्यांच्या आत नाव नोंदवा. दर तपासणीला वजन आणि रक्तदाब कार्डावर लिहून घ्या.
● साखरेची तपासणी दोनदा करा: पहिल्या भेटीत आणि सहाव्या-सातव्या महिन्यात.
● उपास करू नका. भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी, ताक पोटभर घ्या. गोड चहा, बिस्किटं, तळण कमी करा.
● लोहाच्या गोळ्या चुकवू नका.
● दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांची मोफत तपासणी असते. भाऊ, बायकोसोबत तुम्हीही चला.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या बाळंतपणात वाढलेलं वजन उतरण्याआधीच पुन्हा दिवस राहिले, तर वजनावर वजन चढतं. म्हणून दोन मुलांत किमान तीन वर्षांचं अंतर ठेवा. तांबी, निरोध, गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अंतरा इंजेक्शनाने काहींचं वजन वाढतं. तेव्हा आपल्याला काय मानवेल, हे नर्सबाईंना विचारा.

वजन मोजा, साखर तपासा, पाळणा लांबवा!
आई धडधाकट, तर घर धडधाकट.